एकदाही नाही, दर सोमवारी

विचारलंत ते बरं केलंत, यासीनभाई.
बाकीचे येतात, टायरला लाथ मारतात,
किंमत पाडतात, चहा पिऊन जातात.
"दगा देते का?" असं तोंडावर विचारणारे
तुम्हीच पहिले.

माझ्याआधी ही बालेवाडीच्या ढमढेऱ्यांकडे होती, केबलच्या कामावर.
त्यांना विचारा. दर सोमवारी बंद, म्हणतील.
त्यांच्याआधी गुलटेकडीच्या रासकर बाई,
दवाखान्यांच्या चादरी धुवायला न्यायच्या.
त्यांना विचारा. अकरा वर्षं, म्हणतील, एकदाही नाही.
व्हॅन हीच. चासी नंबर ताडून पाहिलाय मी.
आणि खोटं बोलून
दोघांनाही आता काही मिळणार नव्हतं.

मी मासे वाहतो.
डॉक्टरांच्या वेटिंग रूममधल्या काचेच्या टाक्या,
त्यांचं पाणी, त्यांचं शेवाळ,
सोमवारी सकाळी उलटा तरंगणारा एखादा एंजल.
(सोमवारचं ढमढेरे म्हणतात त्यात काहीतरी असावं.)

इंजिन सीटखाली, हे माहीतच असेल.
डिसेंबरात पहाटे खडकीला निघालं
की बूड शेकतं, डबा गरम राहतो.
मे महिन्यात त्याचीच वसुली.
कात्रजच्या चढावर, बोगद्याच्या अलीकडे,
ती उचक्या देऊ लागली तर घाबरायचं नाही.
कडेला घ्या, सीट उचला,
फ्युएल पंपावर ओलं फडकं टाका
आणि एक सिगारेट संपेल एवढं थांबा.
मी सिगारेट सोडली. तेव्हापासून
नेमकं किती थांबायचं ते कळत नाही.

दुसरा गिअर निसटतो,
डाव्या गुडघ्यानं दाबून धरायचा.
मागचा दरवाजा आधी उचला, मग सरकवा.
किलोमीटरचा काटा ब्याण्णव हजारांवर बसलाय,
पुढचं वय तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

खरी बंद पडली ती एकदाच.
मुंढवा, दुपारचे दोन, ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं.
मागे विमानतळावरून उचललेल्या चाळीस पिशव्या,
कोलकात्याचे गोल्डफिश,
आणि पिशवीतला ऑक्सिजन काही
माझ्या सोयीनं संपणार नव्हता.
टायमिंग बेल्ट गेला. ओल्या फडक्याचं काम नव्हतं ते.
नाना पेठेतला इसाक फोनवर म्हणाला, "दोन तासांत आलो."
इसाकचे दोन तास मला ठाऊक आहेत.

शेजारी रोपवाटिका होती.
गुलाबांना पाणी घालणाऱ्या एका मावशींनी
माझ्याकडे बघितलं, पिशव्यांकडे बघितलं,
पाइप खाली टाकला
आणि काही न विचारता दोन पिशव्या उचलल्या.
सिमेंटची टाकी, वर आंब्याची सावली.
चाळीस पिशव्या पाण्यावर सोडल्या आम्ही,
आणि मग बसून राहिलो, दुसरं करणार काय.
त्यांनी भाकरी दिली. भाजी कसली होती, आठवत नाही.

इसाक नऊला उगवला.
अडतीस पिशव्या गाडीत चढल्या.
दोन फुटल्या होत्या, त्यातले अंधारात सापडले नाहीत.

सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात
तिथून जाताना थांबलो.
शेवाळाखाली केशरी काहीतरी हललं, हातभर लांब नाही, पण वीतभर नक्की.
मावशी म्हणाल्या,
"तुमची व्हॅन बंद पडली तेव्हापासून
आमच्याकडं डास नाहीत."

आता हे दग्यात धरायचं का,
ते तुम्ही ठरवा. मला हिशेब जमला नाही.

तुम्ही अंडी वाहणार.
अंड्यांना ऑक्सिजन लागत नाही, बरंय,
पण बिबवेवाडीचे स्पीडब्रेकर लागतील.
मागचे पाटे नवीन आहेत, बिल दाखवतो.
किंमत सांगितली तीच, एक रुपया कमी नाही,
चहा मात्र घ्या.

ही चावी. पूर्ण आत घालायची नाही,
किंचित बाहेर ओढून फिरवायची.
एवढी नको.
अजून थोडी आत. नाही, तशी नाही...
सरका, यासीनभाई.
आजच्या दिवस मी चालू करून देतो.